पाचव्या टोकाचा कागद

दांडेखाडीत नाताळच्या दिवसांत प्रत्येक घरावर तारा लावतात. त्याच्या चार टोकांना लाल-पिवळा पतंगी कागद असतो, आणि समुद्राकडच्या पाचव्या टोकाला नुसत्या बांबूच्या कामट्या.

"मावशी, कागद संपला का?" गेल्या वर्षी एका पाहुण्याने हसत विचारले.

नातालमावशी अंगणात सुकट पसरत होत्या. "कागद पुष्कळ आहे," त्या म्हणाल्या. "बस इथं."

पूर्वी गावात एकच तारा असे, असे सांगतात. खाडीच्या तोंडाशी उंच काठी उभी करून, पोटात तेलाचा दिवा ठेवून तो चढवीत. नाताळसाठी परतणाऱ्या होड्यांना एवढेच ठाऊक असे, की सगळ्यात उंच तारा दिसेल तिथे खाडीचे तोंड. हा तारा कत्रीन नावाची कोळीण करीत असे. त्या वर्षी तिचा नवरा कैतान तीन गड्यांना घेऊन समुद्रावर होता.

त्याच वर्षी बस्त्याव पाटलाने खाडीपलीकडच्या उंचवट्यावर दुमजली घर बांधले. खाली पाण्यात खडकांची रांग होती. पाटलाने माडीवर मोठा तारा लावला आणि पाहिले, तर कोळ्यांचा तारा त्याहून हातभर उंच. त्याने माणसे पाठवून काठी पाडली. एकाचा पाय पडून ताऱ्याचे एक टोक फाटले.

कत्रीन त्याच्या दारात गेली. "पाटील, माझा माणूस अजून बाहेर आहे. तो येईपर्यंत राहू द्या."

पाटील हसला म्हणे. "मग माझा तारा बघून येईल. तुझ्यापेक्षा मोठा आहे."

"आणि तो खरंच तोच बघून आला," मावशी म्हणाल्या. त्यांचा हात सुकटीत तसाच थांबला होता.

धुके होते, दिवस मावळत होता. चौघांनी सगळ्यात उंच ताऱ्यावर होडी धरली आणि खडकांवर नेली. सकाळी वाळूत दोन फळ्या आणि कैतानची टोपी सापडली. चर्चमध्ये पाटील पहिल्या बाकावर बसला होता. लोक हळहळत म्हणाले, समुद्राने नेले. कत्रीन उभी राहिली. "समुद्राचं नाव घेऊ नका," ती म्हणाली. "नेणारा इथं बसलाय."

कोणी काही बोलले नाही. गावाच्या त्या गप्प बसण्याचा राग मावशींना पाटलावरच्या रागापेक्षाही जास्त आहे.

कत्रीनने काठी पुन्हा उभी केली आणि फाटका तारा तसाच चढवला. उघडे टोक वाऱ्याच्या तोंडावर होते, तरी दिवा सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत विझला नाही, असे म्हणतात. पाटलाच्या ताऱ्याला एकही भोक नव्हते, पण तो रोज पेटवला की विझे. शेवटी सणाच्या दिवशी पाटील स्वतः लाल कागद आणि खळीची वाटी घेऊन काठीखाली आला.

"चूक झाली, कत्रीन. तेवढं टोक चिकटवू दे."

"कैतान येऊ दे," ती म्हणाली. "मग चिकटव."

दुसऱ्या वर्षी गावातल्या प्रत्येक घराने तारा केला, एक टोक उघडे ठेवून. मग कोणाची काठी पाडणार?

पाहुण्याने विचारले, इतक्या वर्षांनी माफ करायला काय हरकत आहे?

"फादर दरवर्षी क्षमेवर प्रवचन देतात," मावशी म्हणाल्या. "आम्ही ऐकतो."

आजही नाताळच्या आदल्या दिवशी पाटलाच्या घरातले कोणीतरी लाल कागद आणि खळीची वाटी घेऊन गावातल्या सगळ्यात वयस्क बाईच्या दारात येते. ती त्याला बसवते, करंजी देते. मग विचारते, "कैतान आला का?"

"नाही आला."

"मग ठेव तो कागद."

कागद गव्हाणीत, बाळ येशूच्या पेंढ्याखाली जातो. तिथे आता त्याची चांगली जाड गादी झाली आहे.