लिंपलेलं दार

त्या रानात धनेश पक्ष्यांचं राज्य होतं, आणि विणीचा हंगाम आला की तिथल्या माद्या ढोलीत शिरून आतून चिखलाने दार लिंपून घेत. चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवायची. नर बाहेरून फळं आणी आणि फटीतून आत देई. पिल्लं मोठी होईपर्यंत दार फोडायचं नाही आणि उंबराच्या फळाला मादीने स्वतः चोच लावायची नाही, अशी रीत होती. ती कुणी घातली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण पाळण्यात सगळे तरबेज होते.

त्या हंगामात रेवाचा नर फळं आणायला गेला तो परतलाच नाही. रेवा ढोलीत अडकलेली, पंखाखाली एक पिल्लू. आधी तिच्या हाका रानभर ऐकू येत, मग शेजारच्या झाडांपुरत्याच येऊ लागल्या. परक्या नराने फळ दिलं तर बोभाटा झाला असता, आणि दार फोडलेल्या मादीच्या शेजारी कुणी घर करत नसे. ऐकणारे हळहळत आणि आपापल्या झाडावर जात.

शेवटी सभेत नवा कायदा मांडला गेला. उंबरावर मादीचा नराइतकाच हक्क असावा आणि दार कधी उघडायचं ते तिचं तिने ठरवावं. नरांना त्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. बरेचसे जांभया देत हो म्हणायच्या बेतात होते. विरोधाला उभी राहिली ती तापीकाकी, रेवाची आई.

यंदा तिची वीण नव्हती. तिने रानभर उडून आपल्यासारख्याच यंदा बाहेर असलेल्या माद्या गोळा केल्या. इतक्या लांब ती जन्मात कधी उडाली नव्हती. पंख दुखत होते आणि ते दुखणं तिला आवडत होतं, पण हे ती कुणाजवळ बोलली नाही.

"आज तो चोचीत आणून घालतो, कारण मी आत आहे," ती सभेत म्हणाली. "उद्या मला हक्क मिळाला की म्हणेल, जा, तुझं तू तोड. मग अंडी उबवायची कुणी आणि उडायचं कुणी? बरोबरी काय खायची आहे आम्हाला?"

"अहो काकी, आत तुमचीच लेक आहे," एक तरुण मादी म्हणाली.

"म्हणून तर बोलतेय. येईल माझा जावई. टाकून जाणाऱ्यातला नाही तो."

मग तिचा आवाज उतरला. "आणि दार उघडलं तरी चालतं असं तुम्ही आता ठरवलंत, तर इतके हंगाम मी आत बसले ते कशाला गं?"

माद्या काकीच्या बाजूने गेल्या आणि कायदा बारगळला. यांनाच नकोय तर आपण तरी काय करणार, असं म्हणत नर सुटकेने उंबरावर जेवायला गेले. तसे त्या दिवशी सगळेच दमलेले होते.

तापीकाकी रेवाच्या झाडावर आली तेव्हा आतून टकटक ऐकू येत होती. वाळल्या चिखलाचे पोपडे खाली पडत होते. रेवा दार फोडत होती. फट रुंदावली होती आणि तिच्यातून पिल्लाची बारीक मान दिसत होती. लेकीवर तिचा फार जीव होता. आसपासच्या फांद्यांवर माद्या बसल्या होत्या, मघाशी तिच्या बाजूने गेलेल्या. त्या नुसत्या बघत होत्या.

काकी ओढ्यावर जाऊन आली. आतून पोपडा निघाला की ती बाहेरून तिथे ओला गोळा दाबत होती. पुन्हा निघे, पुन्हा ती दाबे. हळूहळू टकटक मंदावली, मग थांबली.

"आई, तू आहेस का गं बाहेर?" रेवाने विचारलं.

काकीची चोच चिखलाने भरलेली होती. तिला उत्तर देता आलं नाही.