शिवेवरच्या करवंट्या

माणसांनी डोंगर वाटून घेण्याच्या कितीतरी आधी वानरांनी ते वाटून घेतले होते. मधला ओढा ही त्यांची शीव. टोळीत हिवताप शिरला की पाण्याने भरलेली करवंटी शिवेवर ठेवायची रीत होती. ताप पाणी प्यायला उतरतो आणि पलीकडे निघून जातो, असं दोन्ही टोळ्या मानत.

त्या वर्षी ओढ्याचे दोन्ही काठ करवंट्यांनी भरून गेले. दिवस कलला की तिथून गुणगुण उठायची, जणू कुणी तोंड मिटून अंगाई गातंय.

भुरी वानरीचं पिल्लू तापाने फणफणलं होतं. ती करवंटी घेऊन उतरली, तर पलीकडे त्या टोळीतली काजळी वानरीही तेच करत होती. तिचं पिल्लू पोटाशी बिलगलेलं. भुरीने एका जुन्या करवंटीत डोकावून पाहिलं. आत अळ्या वळवळत होत्या. तिच्या डोळ्यांदेखत त्यातून एक डास निघाला, ओढा ओलांडून गेला आणि काजळीच्या पिल्लाच्या कानावर बसला.

"तुझ्या करवंटीतला आहे हा!" काजळी किंचाळली.

"आणि माझ्या पिल्लाला चावला तो तुझ्या करवंटीतला, बाई."

भुरीने आपल्या काठावरच्या साऱ्या करवंट्या पालथ्या केल्या. तरी गुणगुण थांबेना. काजळीने आपल्या काठावरच्या करवंटीत डोकावलं, तर तिथेही अळ्या. मग तिनेही पहिली करवंटी उलटी केली.

शेवटची करवंटी रिकामी झाली आणि गुणगुण विरली. त्या शांततेत पिल्लांचं कण्हणं ऐकू आलं. कोणतं अलीकडचं, कोणतं पलीकडचं, ते दोघी आयांनाही ओळखता येईना.