पाणी निवतंय

"पण माई, तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?"

"दोन दिवस लाइट नव्हती, ते. मासे कसे वाचले, ते."

माई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"गुरुजींनी फोनवर विचारलं, मासे कसे आहेत. मी म्हटलं, मजेत आहेत."

हेमराजचं समाधान झालं नव्हतं.

चिखलदऱ्याला, गावाबाहेरच्या टेकाडावर माईंचं छोटंसं आश्रमवजा घर होतं. हेमराज अकोल्याची प्राध्यापकी सोडून त्यांच्याकडे राहायला आला होता. मन स्थिर करायचं, एवढाच त्याचा ध्यास. आणि ते बरंचसं झालं आहे, असं अलीकडे त्याला वाटू लागलं होतं.

शेजारचे कासदेकर गुरुजी ऑपरेशनसाठी अमरावतीला गेले. जाताना आपला काचेचा टँक माईंकडे ठेवून गेले. आत एंजल मासे होते, गुरुजींच्या बायकोने हौसेने पाळलेले. ती गेल्यावर त्या घरात बोलायला तेवढेच उरले होते.

"हे गरम मुलखातले जीव आहेत, माई," गुरुजी म्हणाले होते. "सव्वीसच्या आसपास पाणी लागतं यांना. हीटर आहेच, फक्त लक्ष ठेवा."

माईंनी ते काम हेमराजवर सोपवलं.

आणि ऐन थंडीत गारपीट झाली. झाडं पडली, तारा तुटल्या. हीटर बंद पडला. काचेवरच्या थर्मामीटरचा आकडा हळूहळू उतरू लागला. मासे तळाशी जाऊन एका कोपऱ्यात निपचित थांबले.

हेमराज घाबरला. चुलीवरचं उकळतं पातेलं घेऊन धावत आला आणि टँकमध्ये ओतणार, तोच माईंनी त्याचं मनगट धरलं.

"त्यांना ऊब हवी आहे, हेमराज. चटका नको."

मग त्याने बाटल्यांत गरम पाणी भरून, बुचं घट्ट लावून त्या टँकमध्ये तरंगत सोडल्या. एक निवली की दुसरी. टँकभोवती घोंगडी गुंडाळली. हवेचा पंपही बंद, म्हणून मधूनमधून मगाने पाणी उचलून अलगद वरून सोडायचा. आकडा घसरला की तो चुलीकडे धावायचा. ध्यानाला बसणं राहूनच गेलं, जेवणही तिथेच बसून झालं.

लाइट आली तेव्हा मासे पुन्हा पंख पसरून फिरत होते. हेमराजच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आणि माईंनी फोनवर फक्त म्हटलं... मजेत आहेत.

"माझं नाव व्हावं म्हणून नाही म्हणत," हेमराज पुन्हा म्हणाला. "पण कुणीतरी एवढं राबलं, हे गुरुजींना कळायला नको?"

"माशांना कळलं?"

"माशांना काय कळणार, माई! त्यांच्यासाठी पाणी जसं होतं तसंच होतं."

"मग छान राखलंस."

हेमराजला हसावं की रागवावं कळेना.

माईंनी सोललेले दाणे सुपात लोटले.

"अंघोळीला पाणी कसं होतं रे आज?"

"कसं म्हणजे... नेहमीसारखं."

"आणि लाइट नव्हती तेव्हा?"

"तेव्हाही नेहमीसारखंच. दारात बादली होती की."

माई सूप उचलून आत गेल्या.

हेमराज तिथेच बसून राहिला. रोज पहाटे त्याच्या खोलीच्या दारात कढत पाण्याची बादली असायची. आश्रमात तसं असतंच, असं त्याने धरलं होतं. कोण ठेवतं, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं...

दुसऱ्या दिवशी तो रोजच्यापेक्षा लवकर उठला. मागचं दार उघडलं.

अंगणात दाट धुकं होतं. बंबापुढे माई उकिडव्या बसल्या होत्या, डोक्यावरून शाल घेतलेली. ओली लाकडं पेटत नव्हती. त्या फुंकर घालत होत्या, खोकत होत्या, पुन्हा फुंकत होत्या. मग बादली भरली. हात घालून पाहिला. थोडं गार पाणी घातलं. पुन्हा पाहिला.

हेमराज दारातच खिळला.

त्याला एकेक सकाळ आठवू लागली. ताप उतरला त्या दिवशीची. आणि माईंना नाही नाही ते बोलून, सामान बांधून, तो निघून जायला उठला होता, त्या दिवशीची. त्या दिवशीही दारात बादली होती. तिच्यातल्या पाण्याने अंघोळ करूनच तो भांडायला गेला होता.

तो पुढे झाला आणि ओल्या जमिनीवर त्याने माईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

"माई... मला कधी कळलंच नाही."

धुराने लाल झालेले डोळे माईंनी पदराने पुसले. त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"ऊठ, अंघोळ करून घे आधी. पाणी निवतंय."