घोडीला विचारून कळवतो

आमच्या आडथडी गावाला नदीकाठी मोठं पटांगण आहे आणि त्या पटांगणाच्या बरोबर मध्ये एक डोह आहे. घोडे पळवायच्या जागेत मधोमध पाणी कोणी शहाणा माणूस ठेवणार नाही. पण मार्गशीर्षात आमच्याकडे घोड्यांचा खेळ होतो तो या डोहाभोवतीच. चाळीस-पन्नास घोडे येतात, हलगीवर नाचतात, जोडीनं धावतात. बघायला माणसंही लांबून येतात. फक्त यायचं कोणत्या दिवशी, ते त्यांना कोणी सांगत नाही.

यंदा मंदाकिनीताई आल्या, म्हाताऱ्या वडिलांना घेऊन. उतरल्या दगडूअण्णांकडे. दगडूअण्णा आमचे शेजारी, मानाची घोडी त्यांच्याच दारात असते. त्यांच्या आमच्या मध्ये एक कुडाची भिंत, त्यामुळे तिकडचं बोलणं इकडे येतंच. ताईंच्या वडिलांनी उमेदीची सगळी वर्षं खोगिरं शिवण्यात घालवली, पण सजलेल्या घोड्यांचा खेळ एकदाही पाहिला नाही. आता त्यांची नजर चालली आहे. पुढच्या वर्षी दिसेल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. म्हणून ताईंनी दोन महिन्यांत सात फोन केले. रजा कधी टाकू, गाडी कधी सांगू? दगडूअण्णांचं दर वेळी एकच उत्तर, "घोडीला विचारून कळवतो."

शेवटी त्या अंदाजानं चार दिवसांची रजा टाकून आल्या. आमची रीत अशी की सकाळी मानाची घोडी पटांगणाच्या कडेला मोकळी सोडायची. लगाम नाही, दोरी नाही, हाक मारायची नाही. ती आपली आपण डोहापर्यंत गेली आणि पाणी प्यायली, की त्या दिवशी खेळ. नाही गेली, तर सगळ्यांनी घरी जाऊन भाकरी खायची. तीन दिवस घोडी निम्म्या वाटेवरून परत आली.

तिसऱ्या दिवशी ताई माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. चहा दिला तोही पुढ्यात तसाच. म्हणाल्या, "काकू, एवढ्या मोठ्या गावाला एक तारीख ठरवता येत नाही? शिकलेली माणसं घोडीच्या तोंडाकडे बघत बसतात?" राग त्यांचा खोटा नव्हता. मीही लग्न होऊन आले तेव्हा असंच बोलले होते. तेव्हा सासूबाईंनी मला जे सांगितलं, तेच मी त्यांना सांगितलं.

पूर्वी इथे यादोजीराव नावाचे इनामदार होते. तेव्हा पटांगण सपाट होतं, डोह नव्हता. खेळाचा दिवस इनामदार ठरवत आणि बारा गावांत दवंडी फिरे. त्यांचा चाबुकस्वार होता रायाजी. म्हणजे घोडे शिकवणारा. त्याच्या हाताखाली साळुंकी नावाची पंचकल्याणी घोडी होती. चारही पाय पांढरे, तोंडावर पांढरा पट्टा. खेळाची रांग तीच काढायची. ती पुढे निघाली की बाकीचे घोडे मागे निघत.

एका वर्षी इनामदारांच्या मुलीला बघायला मोठ्या घरची माणसं यायची होती, आणि त्यांना खेळही बघायचा होता. पौर्णिमा ठरली. त्या साली दिवाळीनंतरही पाऊस लांबला होता, नदी दोनदा पटांगणात येऊन गेली होती, म्हणे. पण पौर्णिमेपर्यंत वरची माती वाळून कडक झाली. सडे पडले, पाहुणे बांधावर बसले, हलगी वाजली. आणि साळुंकीनं पटांगणात एक पाय ठेवला तो मागे घेतला.

पुन्हा नेली, पुन्हा तेच. नाक मातीला लावायची आणि फुरफुरायची. रायाजी इनामदारांपुढे गेला. "धनी, आजचा दिवस थांबा. जनावर पाय टाकत नाही, म्हणजे खाली काहीतरी आहे."

इनामदार आधीच घायकुतीला आलेले. व्याही बघत होते, लोक कुजबुजत होते. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "बारा गावची माणसं बसली आहेत. त्यांना काय सांगू? घोडीला विचारून कळवतो?"

बांधावर हशा पिकला, असं सांगतात. इनामदारांनी दुसऱ्या स्वाराला पुढे बोलावलं. तेव्हा रायाजी म्हणाला, परक्या हाताखाली ती बिथरेल, मीच बसतो. तो बसला, वाकून तिच्या कानाशी काही बोलला. आणि जी चाबकाला गेली नसती, ती त्याच्या शब्दाला गेली.

मध्यापर्यंत गेली आणि वरची खपली फुटली. खाली नुसता गाळ. साळुंकी छातीपर्यंत आत गेली. आधी तिनं मान झटकून रायाजीला कडक मातीवर फेकलं, आणि मग अशी किंकाळली की मागचे चाळीस घोडे होते तिथे थांबले. दोर टाकले, फळ्या टाकल्या, उपयोग झाला नाही. संध्याकाळपर्यंत तिथे पाणी वर आलं होतं. तोच हा डोह.

यादोजीरावांनी डोक्यावरचं पागोटं काढून पाण्याच्या काठाशी ठेवलं आणि नेम केला, की आजपासून इथला दिवस माणसानं ठरवायचा नाही. रायाजी काठावरून उठला नाही. अकराव्या दिवशी साळुंकीची शिंगी, म्हणजे तिची वयात आलेली पोर, पागेतून सुटून आली, नीट चालत डोहापाशी गेली आणि पाणी प्यायली. तेव्हा रायाजी उठला. त्या दिवशी खेळ झाला. मुलाकडचे पाहुणे तोवर थांबले होते, म्हणे. विहीणबाई म्हणाल्या, घोडीपुढे पागोटं काढणाऱ्याच्या घरची मुलगी आम्हाला चालेल. दगडूअण्णा त्या रायाजीच्या वंशातले.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. चहा गार झाला होता, तोच प्यायल्या. पण राग काही गेला नाही. "तेव्हा गाळ होता, काकू. आता तर कडक जमीन आहे," एवढंच म्हणाल्या.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी दारात उभी राहिली. निघण्याआधी वडिलांना पटांगणाच्या कडेला खुर्ची टाकून बसवलं. घोडी निम्म्यावर गेली, मातीला नाक लावलं आणि वळली. आली ती थेट म्हाताऱ्यांपुढे. त्यांनी चाचपत तिच्या पाठीवर हात ठेवला आणि विती मोजायला लागले, मानेपासून कमरेपर्यंत. बराच वेळ मोजत होते. मग म्हणाले, "मंदे, गाडीवाल्याला परत पाठव."

"बाबा, माझी रजा संपली. उद्या तरी होईल का?"

म्हाताऱ्यांनी घोडीच्या पाठीवरचा हात काढला नाही. "घोडीला विचारून कळवतो," म्हणाले.

सहाव्या दिवशी घोडी पाणी प्यायली. म्हाताऱ्यांनी जवळचे घोडे डोळ्यांनी पाहिले, लांबचे टापांवरून. प्रत्येकाचं खोगीर कुठे चुकलंय तेही सांगत होते. ताईंना कचेरीत बोलणी बसली, ते त्यांनी मला फोनवर सांगितलं. हसत नव्हत्या, पण रडतही नव्हत्या.

आजही डोह पटांगणाच्या मधोमध आहे आणि आजही आमच्या खेळाची तारीख कुठे छापत नाहीत. तुम्हाला यायचं असेल तर जरूर या, भाकरी आमच्याकडे खा. कधी या, ते मात्र मला विचारू नका.