जाखाईच्या पठारावरची पहिली हाक

हे जाखाईचं पठार, आणि दरीपलीकडे उभा आहे तो बोलका कडा. इथून हाक मारली की कडा ती जशीच्या तशी परत देतो. म्हणून आमच्या पालखीपुढचे ढोल चार ठोके वाजतात आणि तीन ठोक्यांची जागा मोकळी सोडतात. तुम्ही शहरातली मंडळी ‘अष्टकोन’ बँडचं ते गाणं ऐकून इथं येता आणि त्यातला सातांचा ठेका कुठल्या परदेशी बँडवरून उचलला म्हणून वाद घालता. तो इथला आहे. मी या गावात सून म्हणून आले त्याच्या आदल्या वर्षी हे घडलं. सासूबाईंनी, ठकूबाईंनी, सांगितलं तसं सांगते. बसा.

कॅसेटचे दिवस होते. माझे सासरे दगडूनाना शेलार देवीचे कारभारी. यंदा नवरात्रात मुंबईचा बँड आणायचाच, असं त्यांनी मनावर घेतलं आणि मुंबईतल्या भाच्याला निरोप धाडला. भाच्याला बँडमधलं काय कळतंय! त्यानं ‘अष्टकोन’ला पाठवलं. टेम्पोतून चौघं उतरले. गाणारी वासंती गुप्ते, ड्रम वाजवणारा वसईचा सिरिल परेरा आणि गिटारवाले दोघे भाऊ. नानांनी सगळा टेम्पो धुंडाळला, म्हणे, आणि विचारलं, “पिपाण्या कुठं हायत?”

चौघांनी देवळापुढं एक गाणं वाजवलं. सांगतात, की चुलीवर ठेवलेली डाळ शिजली तरी गाणं संपेना. पोरं नाचायला उठली, पण पाय टाकावा तर ठेका निसटायचा. शेवटी नाना उठले. “बास करा. पालखीसंगं आमचे ढोल जातील. तुम्ही जेवा आन् निघा.”

वासंतीला ते फार लागलं. त्यांची लांबलचक गाणी कुणी विकत घेत नव्हतं, आणि एवढा कार्यक्रम करून बँड मोडायचा असं चौघांनी वाटेतच ठरवलं होतं. त्यात हे.

दुपार कलताना पालखी निघाली. समोरच्या कड्यावर जाखाईची बहीण राहते, असं आम्ही मानतो. पालखी पठाराच्या टोकाला जाते, तिथून बहिणींची नजरभेट होते आणि पालखी माघारी फिरते. सारा गाव पालखीमागं गेला. त्या वर्षी नानांचा पाय मुरगळला होता, म्हणून ते देवळातच राहिले, आणि जेवून उठलेले बँडवाले चौघं आवारातलं सामान आवरायच्या बेतात होते.

नजरभेट झाली आणि दरीतून धुकं उसळलं. आमच्याकडचं धुकं तुम्ही पाहिलेलं नाही. पुढच्याची पाठ दिसेना! कुणी डावीकडं वळलं, कुणी उजवीकडं. पालखीच्या पुढच्या भोयाच्या पायाखालचा दगड सुटला आणि खाली गेला. पडल्याचा आवाज आलाच नाही. “हलू नका! जागचं हलू नका!” एकच ओरड झाली आणि कड्यानं ती दुप्पट केली. बायका रडायला लागल्या.

देवळात नानांनी घंटेचा दोर धरला आणि जीव खाऊन बडवायला सुरुवात केली. धुक्यातून कुणीतरी ओरडलं, “नाना, घंटा दोन्हीकडनं ऐकू येतीया! कुठं यायचं?”

वासंतीनं धावत जाऊन नानांचा हात धरला. “थांबा, नाना! तुमची घंटा आणि कड्याची घंटा एकमेकींत मिसळतायत. कड्याला बोलायला जागा सोडा, म्हणजे खरी कुठली ते त्यांना कळेल.” आणि सिरिलला म्हणाली, “पालखीच्या ढोलांसारखं! चार वाजव. तीन गप्प. जोरात!”

जनरेटर सुरू झाला, कर्णे पठाराकडं वळवले. धाड धाड धाड धाड, आणि शांतता. त्या शांततेत कड्यानं बारीक उत्तर दिलं. पुन्हा चार, पुन्हा शांतता. दोघा भावांनी गिटार जोडल्या. वासंतीनं माईक तोंडाशी धरला, आणि सुचेल ते गायला लागली:

“पहिली हाक माझी, मागची कड्याची,
पहिलीकडं ये रे, पहिलीकडं ये!”

पठारावरच्या माणसांनी कान दिला. मोठा आवाज आधी, बारका मागून. मोठ्याकडं तोंड करून, एकमेकांचे पदर आणि पंचे धरून ती चालायला लागली. आधी पालखी धुक्यातून बाहेर आली! मग ढोलवाले, मग लेकुरवाळ्या. नाना एकेकाचं नाव घेऊन ओरडत होते, हसत होते, रडत होते. देवळाचं आवार भरलं. आणि मग नाना गर्दीतलं एकेक तोंड न्याहाळायला लागले. “ठकू कुठाय?”

कुणालाच ठाऊक नव्हतं. वासंतीचा घसा फाटला होता, सिरिलच्या बोटांतून रक्त येत होतं. नानांनी हात जोडले. “थांबू नका, बाई. माझं माणूस यायचं हाय.”

ती पुन्हा गायली. पुन्हा. पुन्हा. “पहिली हाक माझी, मागची कड्याची, पहिलीकडं…”

आणि धुक्यातून एक हात आला आणि त्यानं वासंतीचं मनगट घट्ट धरलं. सासूबाई! अंगभर चिखल, पायात चप्पल नाही. वासंतीनं गाणं तिथंच सोडलं आणि त्यांना मिठी मारली.

बँड मोडला नाही. मुंबईला जाऊन त्यांनी ते गाणं झालं तसंच रेकॉर्ड केलं. रिक्षात तेच, कॉलेजात तेच, गणपतीच्या मांडवात तेच! कंपनीचा माणूस म्हणे वासंतीच्या मागं लागला होता, की बाई, शेवटची ओळ अर्धीच आहे, ‘ये’ तेवढं म्हणून टाका. ती म्हणाली, “जिला बोलावत होते ती आली. आता कुणाला ये म्हणू?”

आजही नवरात्रात गाव ते गाणं म्हणतं. “पहिलीकडं” इथं सगळे एकदम थांबतात, आणि आपलं माणूस पोचलंय ना, म्हणून जो तो शेजारी बघतो.