भिंत नसलेले जंतू

फार पूर्वी, औषधांनाही वाचा होती तेव्हा, साळिंदर वैद्यीणबाईंच्या बिळात दोन गोळ्या राहत. पांढरी गोळी जंतूंच्या भिंती फोडी. पिवळी भिंतींना हात न लावता जंतूंच्या आतले कारखाने बंद पाडी.

एकदा हरिणी खोकणाऱ्या पाडसाला घेऊन आली. "बाई, मागे याचा घसा पांढरीनंच बरा केला. तीच द्या!"

"अगं, ते घशातले जंतू निराळे. छातीतले हे दुसरेच असावेत."

"असू देत की! मी असताना पिवळीला कशाला दमवता?" पांढरी हसून म्हणाली आणि पाडसाच्या पोटात गेलीसुद्धा.

छातीत पोहोचून तिने पुष्कळ शोधले; पण या जंतूंना भिंतच नव्हती. ते तिच्यासमोरून निवांत ये-जा करत होते आणि पाडसाला धाप लागली होती. आणखी थोडे थांबून पाहावे, असे तिला वाटले. तेवढ्यात बाहेरून हरिणीचे शब्द आले, "पांढरी आहे ना आत, आता कसली भीती?"

तो विश्वास पांढरीला सोसवेना.

"वैद्यीणबाई," तिने आतून हाक मारली, "हे माझ्याच्यानं होणार नाही. पिवळीला पाठवा, लवकर!"

पिवळी आली. जंतूंचे कारखाने हळूहळू थंडावले. काही दिवसांनी पाडस पुन्हा चरू लागले, तशी हरिणी पांढरीचे गुण गाऊ लागली. पांढरीने तिला मध्येच थांबवले आणि पिवळीचे नाव सांगितले.