शर्वरीचा हिरवा

"तिच्या हिरव्यात असं आहे तरी काय, मास्तर?"

विसूमास्तर बांधावर बसून चहा पीत होते. चित्रकला ते अशीच शिकवायचे, शिष्यांना शेतात नेऊन.

"कुणाच्या?"

"शर्वरीच्या. आणखी कुणाचं कौतुक करता तुम्ही?" मुकुंद म्हणाला.

पोटातलं दुखणं एकदाचं ओठांवर आलं.

प्रदर्शनाला मास्तर यंदा एकाच शिष्याचं चित्र पाठवणार होते. मागे शर्वरीने हे भातशेत रंगवलं, तेव्हा ते त्या चित्रापुढून हललेच नव्हते. मुकुंदच्या चित्रापुढे ते असे कधी थांबले नाहीत. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

"मीही तयारी केलीय," म्हणत त्याने पिशवीतून डबा काढला.

स्टीलचा चपटा डबा. तळाला मापात कापलेली काच, झाकणाला आतून रबराची पट्टी, कोपऱ्यात लवंगेच्या तेलात भिजवलेला कापसाचा बोळा. एरवी उघड्यावर सुकून जाणारे तेलरंग यात कित्येक दिवस ओले राहत.

मास्तरांनी कडा चाचपल्या.

"घरी केलास?"

"हो."

"सुरेख."

मुकुंदची कळी खुलली. शर्वरीने हे ऐकलं का, म्हणून त्याने मान वळवली. ती लांब, आपल्या चित्रात गढलेली. बाईसाहेबांना जगाची शुद्ध नव्हती. त्याचंही त्याला वाईटच वाटलं.

मास्तरांनी झाकण काढलं. काचेवर एकच रंग होता. हिरव्याचा मोठा गोळा.

"हा तर तिचा हिरवा."

"तिच्या त्या चित्राशेजारी बसून जुळवलाय. तसूभर फरक नाही. अजून ताजा आहे, बघा."

"मग चित्र?"

"रोज येऊन बसतो..." मुकुंदचा आवाज उतरला. "या रंगाने शेत होतच नाही, मास्तर."

मास्तरांनी कपानेच समोर दाखवलं.

भात पिकलं होतं. बांधापासून ओढ्यापर्यंत सगळं पिवळंधमक. शर्वरीच्या कॅनव्हासवरही पिवळाच पसरत होता.

मुकुंद शेताकडे बघत राहिला. मग डब्याकडे...

"मी इतके दिवस काय बघत होतो?"

मास्तरांनी शेवटचा घोट घेतला. चहा संपला.

"मास्तर, मी काय करू आता?"

त्यांनी डबा त्याच्या मांडीवर ठेवला. झाकण मात्र स्वतःच्या झोळीत टाकलं आणि उठले.

"डबा छान झालाय. काही दिवस उघडा ठेव."